सड्यावरचा जकातनाका

तुम्ही ठकूबाई येडगेला चोर म्हणालात. कुजबुजून नाही. भर अंगणात, सगळ्या धनगरवाड्यासमोर, तिने दिलेला चहा पिऊन झाल्यावर. "वीज चोरीला जाते आणि खोलीची किल्ली तुझ्याकडे. आता तूच सांग चोर कोण," असं म्हणालात आणि जीपकडे चालू लागलात. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, तुमची कचेरी कुठली तेही नाही. वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेल.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई घाट उतरून माझ्या दुकानात आली. डोक्यावरची दुधाची किटली खाली ठेवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "शालन, चोर धरायचं यंत्र हाय का गं तुझ्याकडं?"

मी जळकी मोटार उघडून बसले होते. घाटाखालच्या गावात आमचं जळलेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान. सासऱ्यांचं होतं, त्यांच्या हाताखाली शिकले, ते गेल्यावर मीच चालवते. वर मान न करता मी विचारलं, "कुणाला धरायचंय?"

"मला."

आता मात्र मी पाना खाली ठेवला.

तिने सगळं सांगितलं. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या त्या उघड्या कातळावर, त्यांचा वाडा. तिथवर तारा पोचल्याच नव्हत्या. मग तुम्ही सोलर बसवून दिलंत: उन्हात पॅनेल, खोलीत चार मोठ्या बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. फीत कापलीत, फोटो काढलेत. पहिले काही महिने घरोघर दिवे लागले. मग संध्याकाळी दिवेलागणीला लागायचे आणि भाकरी तव्यावर असतानाच विझायचे. तुमचं म्हणणं, ही माणसं शेगड्या लावत असणार, नाहीतर चोरून कुणाला तरी वीज देत असणार. तुम्ही ठरवून टाकलंत की बाजारच्या दिवशी गाडी येईल आणि सगळं सामान उचलून दुसऱ्या गावाला जाईल. "जिथली माणसं प्रामाणिक आहेत तिथे." हे शब्दसुद्धा तुमचेच.

"शेगडी न्हाई, हिटर न्हाई," ठकूबाई म्हणाली. "जेवढं सांगतुया तेवढंच खातुया. ते दाखवायचं हाय. दूध मोजतंय तसं वीज मोजणारं काय असंल तर दे. सामान गेलं तर जाऊ दे, अंधारात काय आमी जन्मलो न्हाई व्हय? पर चोर म्हणून जाऊ द्यायचं न्हाई."

हे ती म्हणाली खरी, पण सामान गेलं तर जाऊ दे म्हणताना ती खांदा चोळत होती. ताक घुसळायचं मशीन त्याच विजेवर होतं. दोन्ही खांदे भरून आलेल्या बाईला त्या मशीनचं काय मोल, ते तुम्हाला कळायचं नाही.

माझ्याकडे मोबाइल टॉवरच्या भंगारातून आलेला एक शंट होता. शंट म्हणजे धातूची जाड पट्टी. बॅटरीत जाणारी आणि बॅटरीतून येणारी सगळी वीज तिच्यातून न्यायची. मग पट्टीला जोडलेला छोटा मीटर सांगतो, किती आली, किती गेली, किती उरली. मी तिला म्हटलं, "हा जकातनाका आहे, ठकाक्का. गावात शिरायची एकच वाट ठेवायची आणि वाटेवर हा बसवायचा. एक गाडी नोंद न होता जाणार नाही."

"लाच खातोय का?"

"हा नाही खात."

"मग सरकारी न्हवं," ती म्हणाली आणि किटली उचलली.

सकाळी मी वर चढले. खोली बिरोबाच्या देवळाला पाठ लावून होती. शेणाने सारवलेली, स्वच्छ. लाकडी घडवंचीवर चार बॅटऱ्या, एकीच्या ढुंगणाला दुसरी अशा जोडलेल्या. भिंतीलगतच्या एकीवर लाल फडकं घातलेलं आणि वर भंडारा उधळलेला, पिवळाधमक.

"हे काय?"

"दसऱ्याची पूजा. पुसू नगंस तेवढं."

पूजा आम्हीही करतो. माझ्या दुकानातल्या ड्रिल मशीनवर अजून गेल्या दसऱ्याचं कुंकू आहे. मी फडक्याला हात लावला नाही. ठकूबाईला समोर बसवलं आणि विचारलं, "या खोलीतून वीज कुठे कुठे जाते? एकूण एक सांग. नंतर आठवलं म्हणायचं नाही."

तिने बोटांवर मोजत सांगितलं. घरं. शाळेची खोली. ताकाचं मशीन. वाटेवरचे खांब.

"आणखी?"

"आनि काय बी न्हाई. बिरोबाची आण."

मी कामाला लागले. आधी पॅनेलचा खटका पाडला, मग इन्व्हर्टर बंद केला. बॅटऱ्यांच्या शेवटाला निगेटिव्हचं टोक असतं, तिथे तीन-चार केबली एकत्र आवळलेल्या होत्या. सगळ्या सोडवल्या. शंट फळीवर बसवला. बॅटरीच्या टोकापासून शंटच्या एका बाजूला एकच जाड केबल नेली, आणि सोडवलेल्या सगळ्या केबली शंटच्या पलीकडच्या बाजूला आवळल्या. म्हणजे आता वाट एकच. दारात बायाबापड्या जमल्या होत्या. घोंगडी पांघरलेले बमूआबाही येऊन बघून गेले. आबा म्हणजे ठकूबाईचे चुलत सासरे आणि बिरोबाचे पुजारी. त्यांनी शंटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "हं" म्हणाले आणि देवळाकडे गेले.

खटका चढवला. बाहेर कातळ तापून भाकरी भाजेल असं ऊन होतं आणि मीटर सांगत होता, बॅटरी रिकामी होते आहे.

"ह्ये काय आकरीत!" ठकूबाई म्हणाली. "सूर्यच आमचं पीत बसलाय व्हय?"

बाया फसकन हसल्या. एकजण म्हणाली, "सायबाला सांगा, चोर घावला. वर बसलाय, धरा म्हणावं."

मी ओशाळले. शंटपासून मीटरला दोन बारीक वायरी जातात, त्या मी उलट्यासुलट्या लावल्या होत्या. आल्याला गेलं म्हणत होता आणि गेल्याला आलं. अदलाबदल केली, आकडा सरळ झाला. ठकूबाईला वाचायला शिकवलं. ती दुपारभर मीटरसमोर बसून राहिली, दूध उतू जाईल म्हणून चुलीपुढे बसतात तशी. मशीन लावलं की आकडा उतरायचा, ढग सरकला की चढायचा, आणि ती दारातून ओरडून सगळ्यांना सांगायची.

"बघ," दिवेलागणीला ती मला म्हणाली, "चार हिश्श्यांतलं तीन भरलेलं हाय. आज काय इझत न्हाई."

मी मुक्कामाला थांबले होते. तिने तवा टाकला, पहिली भाकरी थापली आणि दिवा गेला. सगळ्या घरांतला गेला.

आम्ही दोघी चूल तशीच सोडून खोलीकडे धावलो. खोलीच्या अंधारात मीटर तेवढा उजळ दिसत होता. चार हिश्श्यांतले तीन भरलेले. एक पैशाचा फरक नाही.

मी तिथे उभी राहिले आणि मला सगळं कळत गेलं, आणि कळलं ते चांगलं नव्हतं. नाक्यावरच्या नोंदीप्रमाणे माल आत होता. माल तर आत नव्हता. म्हणजे तो नाका चुकवून जात होता. मी ज्याला ठकूबाईच्या बाजूने साक्ष द्यायला आणलं, तो उलटून सांगत होता, साहेब खरं बोलले.

तिलाही कळलं. मीटर वाचायला मीच शिकवलं होतं ना.

"म्हंजी खरंच कोनतरी चोरतंय," ती हळूच म्हणाली. मग कमरेची किल्ली चाचपून, "आनि किल्ली माज्याकडं हाय."

"ठकाक्का, कुणाला दिली होतीस किल्ली?"

"कुनाला न्हाई. तू बी आता माज्याकडं तसंच बघाय लागलीस."

मी बघत नव्हते. म्हणजे, एवढंसं बघितलं असेल. भाकरी आम्ही कशीबशी खाल्ली.

पहाटे म्हशींच्या हंबरण्याने जाग आली. ठकूबाई धार काढायला बसली होती, मीही शेजारी टेकले. तिने म्हशीला पान्हवलं, पहिल्या धारा एका पितळी वाटीत घेतल्या आणि वाटी बाजूला ठेवली. मग खाली चरवी धरली. चरवी भरली की मापाने मोजून किटलीत. थोड्या वेळाने आबा आले, वाटी उचलली आणि देवळाकडे गेले.

काहीतरी बोलायचं, रात्रीचं अवघडलेपण मोडायचं, म्हणून मी म्हटलं, "रोज एवढं देता? महिन्याला किती लिटर होतं गं देवाचं?"

तिने ओल्या हाताने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "मोजू नगंस! देवाचं मोजत न्हाईत."

"अगं, सहज विचारलं."

"सहज बी न्हाई. मोजायचं न्हाई, बोलून दाखवायचं न्हाई. कोनी इचारलं म्हस दूध किती देती, तरी ते धरून सांगत न्हाईत. आपलं तेवढं सांगायचं. देवाचं म्हंजी ते आपलं न्हवंच."

ती पुन्हा धार काढू लागली. चरवीत दूध वाजत होतं. तिने काल बोटांवर मोजलेली यादी मी मनात पुन्हा मोजली: घरं, शाळा, मशीन, खांब.

"ठकाक्का," मी म्हटलं, "देवळात दिवा कसला आहे?"

"कसला म्हंजी? दिवा."

"तेलाचा?"

"ह्या वाऱ्यात तेलाचा ऱ्हातोय व्हय? रोज इझायचा. आबा घोंगडं आडवं धरून बसायचे बिचारे. आता लाइटीचा हाय की. रातंदिस तेवतोय." ती बोलता बोलता थांबली. धार थांबली. म्हशीने मान वळवून बघितलं. "अगं माझ्या बये," ठकूबाई म्हणाली.

आम्ही देवळात गेलो तेव्हा आबा शेंदरी तांदळ्यावर, देवाच्या त्या गोल दगडावर, वाटीतलं दूध घालत होते. बाजूला कोनाड्यात बल्ब जळत होता. ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यात असतो तो, चांगला भक्क, हात शेकावेत असा. लख्ख उजाडलं होतं तरी चालूच. त्याची वायर भिंतीत शिरत होती, वरून छान सारवलेलं. भिंतीच्या पलीकडे बॅटऱ्यांची खोली.

"आबा, हा दिवा कशावर चालतो?"

"देवावर," आबा म्हणाले.

"आणि ही वायर?"

"ती बॅटरीला. माझ्या भाच्यानं जोडून दिली. ट्रॅक्टरवर हाय त्यो. म्हनला, मामा, ट्रॅक्टरला अशीच एक बॅटरी आसती, तिच्यावर ह्यो जळतोय, मग हिच्यावर का न्हाई?" आबा वाटी पुसत होते. "सामान आलं त्याच दिवशी जोडला. कुनाच्या घरात दिवा लागायच्या आदी देवाचा लागाय पायजे, का न्हाई? पैली धार त्येची."

मी खोलीत जाऊन भंडाऱ्याला नमस्कार केला आणि लाल फडकं उचललं. खाली वायर होती, भाच्याने नीट आवळलेली. चौघींपैकी या एकीवरच बिरोबाचा दिवा, दिवसरात्र. माझा नाका होता रांगेच्या शेवटाला, आणि हा माल मधूनच भिंतीतून बाहेर पडत होता. चार माणसं एका दोराने कडा चढतायत आणि एकाच्याच पाठीवर जास्तीचं पोतं, तसं चाललं होतं. तो एक बसला की बाकीच्यांना दम असूनही बसावं लागतं. मी प्रत्येक बॅटरी वेगळी तपासली. तिघी धडधाकट, ही एक मरगळलेली.

"आबा!" ठकूबाई एकदम उसळली. "आवं, सायेब मला चारचौघांत चोर म्हनला! तुमी तितंच हुबा हुता! तोंड का न्हाई उघडलं?"

आबा खरंच गोंधळले. लपवाछपवीचा मागमूस नव्हता त्या चेहऱ्यावर. "पोरी, त्यो इचारत हुता चोरी कोन करतंय. ही काय चोरी हाय? देवाचा दिवा कशावर जळतोय म्हनून कोनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. मला कुनी काय इचारलंच न्हाई." मग माझ्या हातातल्या पान्याकडे बघत, "ह्या लोहारणीनं बी न्हाई."

मी म्हटलं, "आबा, दिवा ठेवू. पण हा बल्ब काढू आणि वायर इथून सोडवू. घरात आहे तसला साधा दिवा लावते, सगळ्यांच्या लाइनीवर."

"म्हंजी त्या तुज्या पट्टीतनं जानार?"

"हो."

"मोजला जानार?"

"हो."

"न्हाई," आबा म्हणाले. "सामान न्यायचं तर न्या. देवाचं मोजायचं न्हाई."

आणि ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. हा म्हातारा आता हलत नाही हे मला दिसलं. मी बरंच काही बोलले. पट्टी म्हणजे माप नव्हे, धातूचा तुकडा आहे. देवाला काय फरक पडतो. हे शेवटचं बोलायला नको होतं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. ठकूबाई दाराला टेकून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती आबांना एका शब्दाने म्हणाली नाही की माझ्यासाठी करा. देवापुढे तिने स्वतःला आणलंच नाही.

मग आबांनीच विचारलं, "त्या पट्टीतनं देवाचं येगळं जातंय का समद्यांचं एकदम?"

"सगळ्यांचं एकदम."

"मग त्या घड्याळात दिसतंय का, ह्ये देवाचं, ह्ये ठकूचं?"

"नाही. एकच आकडा. त्यात कुणाचं किती, कोणाला काढता येणार नाही. मलाही नाही."

आबांनी दाढी खाजवली. समोर उतारावर म्हशी निघाल्या होत्या. "देवाला सोडलेला रेडा त्यो बघ," त्यांनी बोट दाखवलं. "म्हशीतच चरतोय. संध्याकाळी कळप मोजतुया तवा त्यो बी त्यात येतोय. त्येनं काय त्यो आपला हुतोय?" मग उठून घोंगडी झटकली. "कळपात चालंल तर चालंल. येगळा मोजायचा न्हाई. घड्याळात देवाच्या नावाचा आकडा कवा दिसला तर मी घन घालीन."

"घाला," मी म्हटलं, "मीच आणून देते."

बल्ब मी काढला तेव्हा आबांनी तो कपाळाला लावला. नवा दिवा जोडला. मरगळलेल्या बॅटरीला शाळेत नुसतं पडून असलेलं एक पॅनेल थेट लावून दोन दिवस स्वतंत्र चारलं, बाळंतिणीला चारतात तसं. मग फडकं आणि भंडारा पुन्हा तिच्यावर, यावेळी मीच घातला.

त्या संध्याकाळी दिवे लागले. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, भांडी झाली, तरी दिवे लागलेलेच. माणसं दारात येऊन एकमेकांच्या घराकडे बघत होती. झोपायची वेळ टळली तरी कुणी खटका पाडेना. शेवटी आबा ओरडले, "आरं झोपा की आता! सगळं एकाच दिसात खाताय व्हय?" मग हसत हसत एकेक दिवा गेला, आणि या खेपेला तो माणसांनी घालवला होता. देवळातला तेवढा राहिला. ठकूबाई मीटर बघून आली आणि माझ्या शेजारी घोंगडीवर आडवी झाली. "भरलेलं हाय म्हनतोय," ती म्हणाली, "आनि भरलेलं हाय." बस, एवढंच. एखादी बाई इतकी सुखी मी फार वेळा बघितलेली नाही.

बाजारच्या दिवशी तुम्ही आलात. मागे गाडी, गाडीत हमाल. उंबऱ्यातूनच विचारलंत, "काय मग? सापडला का चोर?"

"सापडला की," आबा म्हणाले. "देवळात बसलाय. घेऊन जावा."

तुम्ही हसलात. मी मीटर दाखवला, वायर दाखवली, सगळं सांगितलं. तुम्हाला ते पटलं, हे तुमच्या बाजूने मी कबूल करते. सामान इथेच राहील म्हणालात आणि हमालांना परत पाठवलंत. वाड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावून आनंद केला.

"चला, मिटलं," तुम्ही म्हणालात.

"माजं न्हाई मिटलं," ठकूबाई म्हणाली. "मला चोर म्हनला हुता तुमी."

"अहो मावशी, होतात गैरसमज. तुमच्याच माणसांनी केलं ना शेवटी?"

आणि जीप गेली. मी मागून शिवी घातली. ठकूबाईने माझा दंड धरला. "जाऊ दे शालन. दिवं ऱ्हायलं न्हवं?" खरोखर तिच्या मनातून ते गेलं. आज इतकी वर्षं झाली, बॅटऱ्या बदलल्या, शंट तोच आहे. शेजारच्या वाड्यावरचे लोक मीटर समजून घ्यायला तिच्याकडे येतात आणि ती त्यांना सगळ्यात आधी विचारते, "देवाला दिवा कुठनं दिलाय?" ती मजेत आहे. वर गेले की मीही मजेत असते.

पण खाली उतरले की हे डोक्यात वळवळतं. बमूआबा पहिल्या दिवसापासून तिथेच होते, देवळाच्या पायरीवर. त्यांनी काही दडवलं नव्हतं. दिवा कोनाड्यात सगळ्यांना दिसेल असा होता. तुम्ही कितीदा तरी आलात, त्या दिव्यासमोर हात जोडलेत, प्रसाद खाल्लात, वळून दहा पावलांवर एका बाईला चोर ठरवलंत. आबांच्या शेजारी टेकून "बाबा, हा एकच दिवा कसा विझत नाही हो?" एवढं विचारलं असतंत तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. मी उशिरा का होईना, विचारलं. तुम्ही विचारलंच नाहीत. वेळ नव्हता, की या माणसांना काही माहीत असेल असं तुम्हाला वाटलंच नाही? यातलं कुठलं? गैरसमज हे उत्तर मी घेणार नाही. दुसरं सांगा.